मोटारीचा खांदा

मोटार दारात येऊन उभी राहिली तेव्हा तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचं काम माझ्याकडे आलं. लग्न होऊन आले त्या दिवशी याच दारात तो माझ्यावरून ओवाळला होता. ओवाळणाऱ्या होत्या माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. आता त्या बाजूला उभ्या राहून "चाकाइवर पानी टाक, रुख्मा, चारीबी चाकाइवर" असं सांगत होत्या, आणि मी तांब्या घेऊन त्या काळ्या, उंच, कापडी छपराच्या धुडाभोवती फिरत होते. अकोल्याच्या एका वकिलाने वापरून सोडलेली ती गाडी. पण आमच्या ह्यांचा चेहरा असा फुलला होता की लग्नातही मी तो तसा पाहिला नव्हता. अर्थात लग्नात मला तो दिसलाच नव्हता, मुंडावळ्या आणि पदर यांतून दिसणार किती! सगळं केनवड दारात लोटलं होतं. पाणी टाकून झालं तसे हे पुढे आले, माझ्याकडे बघितलंही नाही, आणि मोटारीच्या पुढच्या दिव्यावरची धूळ धोतराच्या सोग्याने पुसत म्हणाले, "चाल रानी, घर दाखवतो तुले." मला तोवर ह्यांनी एकदाही नावाने हाक मारली नव्हती. "अवं" एवढंच माझं नाव. त्या वेळी पोटात जे झालं त्याला पुस्तकात मत्सर म्हणतात, आमच्याकडे सरळ जळणं म्हणतात. मी जळले, आणि पुढे वर्षभर जळतच होते.

त्या घरात माझं म्हणावं असं एकच होतं, हऱ्या आणि नाऱ्या ही बैलजोडी. रिठदहून माझ्या बापाने ती आंदण म्हणून दिली होती. शेतीचे बैल आमच्या गोठ्यात आणखी होते, पण ही जोडी फक्त दमणीची. दमणी म्हणजे बसायची हलकी गाडी. ती जुंपली की हऱ्या आधी मान हलवायचा, मग नाऱ्या, आणि घुंगरांचा आवाज असा लागायचा की चुलीपाशी बसल्या जागी मला माहेरचा रस्ता दिसायचा. बाकी घरातलं सगळं आत्याबाईंचं होतं. डेरा त्यांचा, रवी त्यांची, कोठीची किल्ली त्यांची, लेक त्यांचा. फक्त गोठ्यात शिरलं की गडीमाणसंही "रुख्माबाईचे बैल" म्हणायची. मी रोज सकाळी ताक घुसळून झालं की शिळ्या भाकरीचे दोन तुकडे घेऊन तिथे जायची, आणि दोघंही माझा आवाज ऐकून उठून उभे राहायचे. माझ्या आवाजाने उठून उभं राहणारं त्या घरात दुसरं कोणी नव्हतं.

मोटार आली आणि घराचे आवाजच बदलले. आधी पहाटे जातं, मग माझी रवी, मग आत्याबाईंच्या भाकरीच्या थापा, असा क्रम असायचा. आता सगळ्यांच्या आधी हे अंगणात उतरत आणि लोखंडी दांडा घालून मोटार फिरवायला लागत. ती दोनदा खोकायची, रुसायची, मग एकदम घर्र करून असा धूर सोडायची की कोंबड्या लिंबावर चढायच्या. हे जेवायला बसले तरी ओसरीच्या दारातून मोटार दिसेल अशा बेताने पाट ओढून घेत. अंबाडीची भाजी, तव्यावरची गरम भाकरी, वर ठेचा, हे सगळं मी जीव लावून करायची आणि हे तोंडात घास धरून बाहेर बघत बसायचे. हाताला पेट्रोलचा वास. एकदा मी आडून म्हटलं, "भाजी आळणी तं नाई झाली?" तर म्हणाले, "हाय नं, चांगली हाय, मागच्या चाकातून आवाज येऊन राह्यला फक्त."

आत्याबाई एकदाच मोटारीत बसल्या, रिसोडच्या अलीकडेच त्यांच्या पोटात ढवळलं, आणि त्यांनी कानाला खडा लावला. पण मोटारीवर त्यांचा जीव जडला तो जडलाच. लेकाचा जीव ज्याच्यावर त्याच्यावर त्यांचा जीव, असा त्यांचा हिशेब होता. माझ्यावर नव्हता, त्यावरून काय ते समजावं! मीही एकदोनदा गावातल्या गावात बसले, ते मागच्या बाकावर. पुढची ह्यांच्या शेजारची जागा रिकामी होती, असं नाही. तिथे हत्यारांची पेटी असायची, आणि तिच्यावर ब्रेकच्या तेलाचा डबा, सांडू नये म्हणून माझ्याच जुन्या लुगड्याच्या पटकुराने बांधलेला. माझ्या जागेवर डबा बसला होता, तोही माझं लुगडं नेसून.

श्रावणात हे एकटे अकोल्याला जाऊन आले आणि जेवताना आईला सांगू लागले. मी दाराआड ताक घुसळत होते, म्हणून मलाही कळलं. मेडशी सोडली की रस्ता पातूरकडे घाटाने उतरतो. त्या उतारावर ब्रेक दाबून दाबून शेवटी मोटार ऐकेनाशीच झाली होती. "पायाखाली गोटा ठेवल्यावानी लागे, आई. दाबतो त दाबतो, अन् रानी आपली चालूनच राह्यली."

"अगं माय! मंग?"

"नशिबानं पुढं चढ होता. घडीभर उभी केली. थंडी झाली, अन् पुन्हा शहान्यावानी थांबाले लागली."

आत्याबाईंनी ताबडतोब मीठमोहऱ्या काढल्या, आधी लेकावरून, मग अंगणात जाऊन मोटारीवरून. हे मात्र विचारात पडले होते. "मोडलं काईच नाई अन् थांबत काहून नाई?" असं स्वतःशीच म्हणत होते. आणि मग सहज, पाणी मागावं तसं म्हणाले, "पोळा झाला की ते दमणीचे बैल बाजारात नेतो. एका घरी दोन-दोन सवाऱ्या कायले?" माझी रवी डेऱ्यात थांबली. आत्याबाई म्हणाल्या, "इच्यार कर, सुनेचं आंदन हाय." हे म्हणाले, "सून काय दमनीतच बसते का जलमभर? मोटारीत बसंन." विषय संपला. मला कोणी विचारलं नाही, आणि विचारण्याची त्या काळी रीतही नव्हती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी ह्यांनी मोटारीची चारही चाकं काढली. चाकाच्या आत लोखंडी पातेल्यासारखं एक भांडं असतं आणि त्यात कोयरीसारखे वाकडे दोन लोखंडी तुकडे. ह्यांच्या भाषेत ते शू, आत्याबाईंच्या भाषेत बूट. पाय दाबला की हे बूट पातेल्याला आतून घासतात आणि चाक धरून ठेवतात. बुटावर जाड विणीचं अस्तर असतं, त्याला लायनिंग म्हणतात. जुनं लायनिंग घासून घासून काचेसारखं चकचकीत झालं होतं. ह्यांनी ते खरवडून काढलं, मालेगावहून आणलेलं नवं पांढरट अस्तर बुटांवर ठोकून बसवलं, सगळे बूट ओसरीत पोत्यावर ओळीने मांडले आणि तोरण बांधायचं बघायला वेशीकडे निघून गेले.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांची खांदमळणी असते. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा सोललेला, निबर झालेला असतो. त्याला हळद आणि लोणी चोळायचं, पळसाच्या पानाने शेकायचं, आणि कानात सांगायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." त्या वर्षी मी आठवडाभर लोणी साठवलं होतं, कारण हऱ्या-नाऱ्याची या घरातली ती शेवटची खांदमळणी होणार होती. काशाच्या मोठ्या वाटीत पांढराशुभ्र गोळा काढून ठेवला आणि हळद आणायला आत गेले. परत आले तर वाटी जागेवर नाही. ओसरीत बघते तो आत्याबाई पोत्यापाशी फतकल मारून बसलेल्या. कोपरापर्यंत लोण्याने माखलेले हात, आणि मोटारीचा एकेक बूट मांडीवर घेऊन त्या लेकराला मालीश करावी तशा चोळत होत्या.

"आत्याबाई! हे काय?"

"हे पाह्य," त्यांनी जुन्या लायनिंगचा चकचकीत तुकडा मला दाखवला. "लय घासला वं बिचारीचा खांदा. जू लागून बैलाचा होते तसाच. आता या नव्याले आधीच लोनी मुरवलं म्हंजे घासनार नाई."

"अवो, पन तो खांदा नाई मोटारीचा."

"मंग काय हाय? सारा भार यायच्यावरच येते, तोच सांगे नं परवा. ज्याच्यावर भार, तो खांदा." आणि शेवटचा बूट खाली ठेवून त्या अंगणात उतरल्या, मोटारीच्या दिव्यांकडे वाकल्या आणि म्हणाल्या, "रानीबाई, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

वाटीच्या तळाशी उरलं होतं तेवढं लोणी घेऊन मी गोठ्यात गेले. हऱ्याला पुरलं. नाऱ्याच्या खांद्याला नुसती हळद लागली. मी त्याच्या मानेवर डोकं टेकून रडले, आणि रडताना मोटारीला अशा शिव्या दिल्या की आज नातवंडांसमोर सांगायची सोय नाही.

हे आल्याबरोबर मी चहाडी केली. "लोन्यानं माखून ठेवले तुमचे बूट आत्याबाईनं." हे आधी डोळे फाडून बघत राहिले आणि मग हसत सुटले. इतके हसले की ओसरीच्या पायरीवर बसले. दुसरं कोणी केलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं, पण आईने केलं होतं ना! "रॉकेलनं पुसून घेतो. रॉकेल लागलं की लोन्याचं नाव राह्यत नाई." त्यांनी तसं केलंही. रॉकेलच्या बोळ्याने सगळं पुसलं, सकाळच्या उन्हात वाळवलं, चाकं चढवली आणि गल्लीत मोटार पळवून गचकन थांबवून दाखवली. आत्याबाईंनी माझ्याकडे बघून मान उडवली. पोळ्याला तोरणाखाली हऱ्या-नाऱ्याला गडी घेऊन गेला. हे मोटारीला झेंडूच्या माळा घालून वेशीत उभे होते आणि पोरं बैल सोडून तिच्याभोवती नाचत होती.

माझी थोरली बहीण अकोल्यात दिली होती. तिला मुलगा झाल्याचा निरोप आला आणि भाच्याला बघायला हे मला मोटारीने नेतील असं ठरलं. बाजाराच्या दिवशी बैलांचा व्यापारी येणार होता, त्याआधी परतायचं होतं. आत्याबाईंनी डिंकाच्या लाडवांचा डबा दिला आणि "हळू चालवजो" असं मोटारीच्या मडगार्डवर हात फिरवत सांगितलं. मी नवं लुगडं नेसून मागच्या बाकावर बसले. पुढे पेटी आणि डबा आपल्या जागी होते. मालेगाव गेलं, मेडशी गेली. दोन्ही बाजूंनी डोंगर हिरवागार, रस्त्याकडेला पळसाची पानं धुतल्यासारखी. मला ते सगळं आवडत होतं आणि आवडतं आहे याचा रागही येत होता.

घाट सुरू झाला. हे वळणावळणावर ब्रेक दाबत होते आणि मोटार ऐकत होती. थोडं खाली आलो आणि मला वास आला. आधी आंबूस, ताकातून नुकतं काढलेलं लोणी चुलीवर ठेवल्यावर येतो तसा. मग खमंग.

"लोनी कढून राह्यलं," मी म्हटलं.

"काय?"

"तूप कढल्याचा वास येते. खमंग झाला आता. पुढं बेरी जळंन."

"भूक लागली असंन तुले. लाडू खाय."

मी नाकाशी पदर नेऊन पुन्हा हुंगलं. तूप कढवणं हे त्या घरात माझं रोजचं काम. कधी उतरवायचं ते मी डोळे मिटून सांगत असे. आणि हे तूप उतरवायची वेळ केव्हाच टळून गेली होती. "जळलं!" मी ओरडले, आणि त्याच वेळी ह्यांची पाठ ताठ झालेली मला दिसली. पाय दाबत होते, पुन्हा दाबत होते, आणि मोटार उतारावर वेग घेत होती. चाकांतून निळा धूर निघाला. "रानी," हे म्हणाले, "रानी, थांब नं वं, रानी." खरं सांगते, मरण समोर दिसत असतानाही मला पहिला विचार आला तो हाच, की आताही तिचंच नाव! मग ह्यांनी दांडा ओढून मोटार खालच्या गिअरात घालायचा प्रयत्न केला, दात कराकरा वाजल्यासारखा आवाज झाला, दुसऱ्यांदा तो बसला, मोटारीला हिसका बसला, आणि वळणावर रस्त्याच्या कामासाठी टाकलेला खडीचा ढीग दिसला तसे हे ओरडले, "रुख्मा! धरून बस!"

मोटार ढिगात घुसली, अर्ध्यापर्यंत चढली आणि थांबली. मी पुढच्या बाकावर आदळले, ब्रेकच्या तेलाच्या डब्यावर. कपाळाला टेंगूळ आलं. पण माझ्या कानात "रुख्मा" घुमत होतं. ह्यांना माझं नाव ठाऊक होतं तर.

खाली उतरून मी पाण्याचा तांब्या घेतला आणि धुमसणाऱ्या चाकाकडे धावले. ह्यांनी माझं मनगट धरलं. "तापल्या मातीच्या तव्यावर पानी टाकते का कोनी? तडकंन. आपसूक थंडं होऊ दे." मग आम्ही रस्त्याकडेच्या एका दगडावर बसलो. मी बहिणीसाठी नेत असलेला डबा उघडला आणि एक लाडू ह्यांना दिला, एक मी घेतला. दिवसाउजेडी, कोणी बघत नसताना, नवऱ्याशेजारी बसून खाणं ही गोष्ट मी तोवर केली नव्हती. घरी वडीलधाऱ्यांसमोर आम्ही एकमेकांशी फारसं बोलतही नसू. चाकं तापलेली होती आणि ती थंड होईपर्यंत कुठे जाता येणार नव्हतं. मी मनात म्हटलं, होऊ दे सावकाश.

बोलायला दुसरं काही सुचेना, म्हणून हे ब्रेकविषयी बोलायला लागले. आणि बोलता बोलता त्यांनाच उलगडत गेलं. बूट पातेल्याला घासतात, घासलं की तापतं, आणि एका मर्यादेबाहेर तापलं की अस्तराची पकडच जाते. मोडत काही नाही, म्हणून थंड झालं की पुन्हा धरतं. श्रावणात तेच झालं होतं. या खेपेला सुती अस्तरात मुरलेलं लोणी रॉकेलने वरवर गेलं, आत राहिलं, आणि घाटात उकळून वर आलं. उतारावर सारा भार ब्रेकवर टाकायचाच नाही, वरूनच खालच्या गिअरात घालून इंजिनाला धरू द्यायचं. "मी वर होतो तवाच गिअर बदलाले पाह्यजे होता," हे म्हणाले. मग दुसरी गोष्ट सांगितली. पायाखाली दगडासारखं घट्ट लागतं आणि तरी मोटार थांबत नाही, तेव्हा अस्तर तापलेलं असतं. पण पाय गाळात रुतावा तसा खाली जात असेल, तर समजायचं ब्रेकचं तेल उकळून त्याची वाफ झाली. हे तेल हवेतली ओल पीत असतं, आणि ओल प्यालेलं तेल लवकर उकळतं. म्हणून डबा उघडा राहू द्यायचा नाही, उघडून फार दिवस झालेला वापरायचा नाही. पटकुराने बांधलेल्या त्या डब्याकडे मी बघितलं आणि मला, देव क्षमा करो, फार बरं वाटलं.

मागच्या महिन्यात माझा नातू अभय गाडीचे ब्रेक पॅड बदलून आला. मी विचारलं, "फ्लुइड बदललं का?" म्हणाला, "आजी, ते कशाला, भरलेलं आहे की." मी म्हटलं, "भरलेलं असू दे. किती पावसाळे प्यालंय ते?" आता बूट-पातेलं जाऊन चकत्या आल्या, लायनिंग जाऊन पॅड आले, पण तापणं तेच आहे आणि उतारही तेच आहेत. मला ही विद्या शाळेत नाही मिळाली. एका दुपारी डिंकाचा लाडू खाताना मिळाली, आणि शिकवणारा माणूस माझ्या शेजारी बसला होता, म्हणून ती विसरले नाही.

त्या दगडावर बसून मी माझंही बोलून घेतलं. "हऱ्या-नाऱ्याले इकू नका."

"व्यापाऱ्याले सांगून ठेवलं म्या."

"मंग मलेबी त्याईच्यासंगंच बाजारात न्या. मीबी त्याईच्यासंगंच आली होती."

हे आपल्या बोटांवरचं काळं खडीच्या दगडाला पुसत राहिले. मग एका गाडीवानाच्या मदतीने मोटार ढिगातून मागे काढली. पेटी आणि डबा ह्यांनी उचलून मागच्या बाकावर ठेवले आणि पुढचं दार उघडून म्हणाले, "समोर बस. तुह्यं नाक लागंन." पहिल्या गिअरात, मुंगीच्या चालीने आम्ही घाट उतरलो. मी हुंगत होते, आणि खमंग वास आला की "थांबा" म्हणत होते.

भाच्याला बघून झालं, आणि दुसऱ्या दिवशी हे मला मोटारीच्या सामानाच्या दुकानात घेऊन गेले. अशा दुकानात बाई पाहून गिऱ्हाईकं टकामका बघत होती. म्हाताऱ्या दुकानदाराने दोन अस्तरं समोर टाकली. एक आमच्यासारखंच सुती, पांढरट. दुसरं काळपट, जड, विणीतून पितळेची तार गेलेली. "ये सपाटी के लिए, ये घाट के लिए," तो म्हणाला. "ये कितना भी तपो, पकड नहीं छोडता. तेल भी दो तरह का है, सुट्टा और डब्बाबंद." हे मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "आयक. सुती घेतो. मंग घाट बंद. रानी फक्त सपाटीवर, रिसोड अन् मालेगाव. बाकी जायचं तं दमनी. मंग जोडी ठेवा लागंन. आईची शपथ, घाटात नेनार नाई."

माझ्या मनाने एकदम उडी घेतली. हऱ्या-नाऱ्या राहणार! मोटार गावापुरती उरणार, आणि रिठदचा, पोहरादेवीचा, सगळा लांबचा रस्ता पुन्हा माझ्या बैलांचा होणार. नुसतं "बरं" म्हणायचं होतं. पण हे बोलत होते आणि ह्यांचा हात त्या काळपट अस्तरावरून फिरत होता. मी त्या हाताकडे बघितलं. हा माणूस शपथ पाळेल, महिना पाळेल, दिवाळीपर्यंत पाळेल, आणि मग एक दिवस कोणाचं तरी निकडीचं काम निघेल आणि हा सुती अस्तरावर घाट उतरेल. शेजारी हुंगायला मी नसेन. हे मला इतकं स्पष्ट दिसलं की दुकानात उभ्या उभ्या माझ्या तोंडचं पाणी पळालं. बैल माझे होते, पण हाही माझाच होता, कितीही त्या टमरेलाच्या नादी लागलेला असला तरी.

"तारवालं घ्या," मी म्हटलं. "अन् तेल डब्बाबंद."

"अन् जोडी?"

"मले इच्यारू नका."

बाजाराच्या दिवशी व्यापारी आला. बैल विकला तरी त्याचं दावं देत नाहीत, म्हणून मी माझ्या हाताने दोघांची दावी सोडली आणि घुंगरमाळा काढून घेतल्या. भाकरीचे तुकडे दोघांना दिले. हऱ्याने खाल्ला. नाऱ्याने नुसता हुंगला आणि माझ्याकडे बघितलं. अंगणात मोटार उभी होती, चारही चाकांत पितळेच्या तारेचं नवं अस्तर, पोटात नवं तेल, सगळं उत्तमातलं उत्तम, आणि मी निवडलेलं. सवतीला शालू आपणच पसंत करून द्यावा तशी गत. जोडी वेशीपार गेली तेव्हा आत्याबाई माझ्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. मी तो हात झटकला नाही, पण त्या हाताने मला बरंही वाटलं नाही. लोण्यामुळे काय झालं ते त्यांना कधी कळलं नाही. ह्यांनी घाटातच मला बजावलं होतं, "आईले सांगू नको, जीवाले लावून घेईन ते." माझ्या हातून झालं असतं तर ह्यांनी कोणापासून लपवलं असतं, हा प्रश्न मी तेव्हाही गिळला आणि नंतरही.

मग पुढचा पोळा आला. वर्षभर मोटार कितीदा तरी घाट उतरली होती, ब्रेक एकदाही सुटला नव्हता, आणि पुढची जागा माझी झाली होती. खांदमळणीच्या सांजेला मी शेतीच्या बैलांसाठी लोणी काढलं. माझे बैल गोठ्यात नव्हते, म्हणून वाटी नुसतीच हातात धरून उभी होते. आत्याबाईंनी ती माझ्या हातातून घेतली आणि निघाल्या मोटारीकडे. हे पायरीवर बसून चहा पीत होते. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, डोळ्यांत नुसती घाबरगुंडी. आईला नाही म्हणायची छाती तर नव्हती.

"आत्याबाई," मी म्हटलं, "मोटारीचा खांदा तठी नाई."

"मंग कोठी हाय वं?"

"घाटात सारा भार यायच्या उजव्या पायावर येते. ज्याच्यावर भार, तो खांदा. तुमीच म्हनत होत्या."

आत्याबाई क्षणभर थांबल्या. मग त्यांना ते एकदम पटलं. लेकासमोर त्यांनी बैठक मारली, त्याचा उजवा पाय ओढून मांडीवर घेतला आणि हळद कालवलेलं लोणी तळव्याला, टाचेला, घोट्याला चोळायला लागल्या. "आज आवतन घ्या," त्या म्हणाल्या, "उद्या जेवाले या." ह्यांचे डोळे भरून आले होते. मी खांबाला टेकून बघत होते. लोणी माझं, युक्ती माझी, नवराही माझाच. हात मात्र त्यांचा.